वहीतली एक ओळ : एका तमाशा कलावतीच्या मानधनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या कलावतीला मी अक्का म्हणेन. फडात तिला सगळे तेच म्हणत. तिचं खरं नाव, गाव, फडाचं नाव आणि माझ्यासोबत फिरलेल्यांची नावं तिच्या सांगण्यावरून गाळली आहेत. मी सांगलीत ग्रंथपाल म्हणून नोकरी केली. निवृत्तीनंतर आम्ही तिघं जण लोककलावंतांची कागदपत्रं जमवून द्यायचं काम करतो. संस्था वगैरे नाही, एक कपाट आहे आणि एक दुचाकी.

अक्काचा जन्म वाळवा तालुक्यातला, १९६७ चा. आई ढोलकी फडात होती. अक्का तिसरीपर्यंत शाळेत गेली आणि १९८० च्या दसऱ्याला आईबरोबर फडात गेली, ती आधी नुसती झील धरायला, म्हणजे मागे उभं राहून साथीला गायला. सतरा वर्षांची झाल्यावर गवळणीत, म्हणजे तमाशाच्या सुरुवातीच्या कृष्ण-गवळणींच्या भागात, राधा, पुढे वगात नायिका, मधल्या रंगबाजीत लावण्या. पहिल्या फडात चौदा हंगाम, दुसऱ्यात सव्वीस. दसऱ्याला घर सोडायचं आणि वैशाखात परतायचं. रात्रभर बारी म्हणजे तमाशाचा खेळ, पहाटे ट्रकमध्ये अंग टाकायचं, दुपारी पुढच्या गावात उतरून कनात उभी राहीपर्यंत चुलीवर भाकरी थापायच्या. चाळीस हंगाम हे असं चाललं.

तिच्या पायातले चाळ मी हातात घेऊन पाहिले आहेत. जाड कातडी पट्ट्यावर पितळी घुंगरांच्या रांगा आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूला घामाने काळं पडलेलं अस्तर. एका हाताने उचलले तर मनगट खाली जातं. एवढं वजन घेऊन रात्र रात्र नाचलेल्या गुडघ्यांचं जे व्हायचं तेच झालं. मिरजेच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली. अक्काने खर्चाचा आकडा विचारला आणि उठून आली.

आता सांगलीबद्दल थोडं, कारण त्याशिवाय या प्रकरणातला सल कळणार नाही. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी इथे 'सीता स्वयंवर' उभं केलं, म्हणून सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. दर ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन साजरा करतो. गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचे, बालगंधर्वांचा जन्म नागठाण्याचा, हे इथलं शाळकरी पोरही सांगतं. तमाशाच्या बाबतीतही जिल्हा मागे नाही. पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे, अण्णा भाऊ साठे वाटेगावचे, काळू-बाळू ही जुळ्या भावांची जोडी कवलापूरची. पण या यादीतली नावं कुणाची आहेत ते पाहा. लिहिणाऱ्यांची, फड चालवणाऱ्यांची आणि सोंगाड्यांची. बापूरावांच्या फडातल्या नर्तकी पवळेचं नाव आपल्यापर्यंत पोहोचलं, पण तिच्या मागे झील धरणाऱ्या बायकांपैकी एकीचंही नाव मला सांगता येत नाही. अक्का अशाच बायकांपैकी एक.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं. अक्काचं घर पलूस तालुक्यात नदीकाठी होतं. घरातली लोखंडी ट्रंक चार दिवस पाण्याखाली राहिली. तिच्यात फोटो होते, दोन-तीन जुनी पोस्टरं होती, आणि आकाशवाणीवर फडाच्या पार्टीबरोबर एकदा गायली होती त्या दिवसाचा एक कागद होता. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तेव्हा आत एक ओला लगदा होता. त्यातून तिने वाळवून काढलेला एकच फोटो उरला आणि त्यातही तिचा चेहरा पांढरा पडलेला.

घराची पडकी भिंत उभी करायला तिने त्याच दसऱ्याला फडमालकाकडून चाळीस हजारांची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली. उचल हंगामात फिटते. फडाची खरी कमाई चैत्रातल्या यात्रा-जत्रांची. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी लागली. सुपाऱ्या, म्हणजे गावांनी ठरवलेले खेळ, रद्द झाल्या, फड वाटेतूनच परतला. पुढच्या वर्षीही यात्रा झाल्या नाहीत. अक्का पुन्हा फडात गेलीच नाही. ती मुलाकडे तासगावच्या बाजूला राहायला आली आणि बेदाण्याच्या शेडवर निवडायला जाऊ लागली.

अडचण काय होती

फेब्रुवारी २०२३ मध्ये अक्काची सून बचत गटाच्या बैठकीत मला भेटली. तिच्या हातात एक नामंजुरीचं पत्र होतं.

राज्य सरकारची वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची योजना १९५४-५५ पासून चालू आहे. वय किमान पन्नास आणि कलेत किमान पंधरा वर्षं, ही तिची मुख्य अट. तेव्हा त्यात अ, ब, क असे वर्ग होते. राष्ट्रीय पातळीवरच्या कलावंताला महिना ३,१५० रुपये, राज्य पातळीवर २,७०० आणि जिल्हा पातळीवर २,२५०. अक्काचे हंगाम चाळीस झालेले, म्हणजे अट सहज पुरी होत होती. तरी अर्ज नामंजूर.

कारण पत्रात नीट लिहिलेलं होतं. आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी १९७४. आधार काढताना कुणीतरी अंदाजाने वय सांगितलं आणि तारीख तशीच बसली. त्यामुळे पंचावन्न वर्षांची बाई कागदावर अठ्ठेचाळीसची झाली. दुसरं कारण, कलेचा पुरावा समाधानकारक नाही.

अर्जाची प्रत पाहिली तेव्हा मला धक्का बसला. कलाप्रकाराच्या रकान्यात 'भजन' लिहिलं होतं. जोडलेला दाखला कुठल्याशा भजनी मंडळाचा होता. हा अर्ज एका मध्यस्थाने भरला होता. त्याने अक्काकडून तीन हजार रुपये घेतले आणि सांगितलं, "तमाशा लिहिलं की फाईल मागं पडती. भजन लिहू." अक्काला लिहितावाचता बेताचं येतं. तिने अंगठ्याऐवजी सही केली याचंच तिला तेव्हा समाधान होतं. मी तिला त्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली.

मग म्हणाली, "ताई, मी भजनाला नावं ठेवत न्हाई. पर मी राधा केली वो. चाळीस वर्सं राधा केली."

खरी अडचण मला त्या क्षणी समजली. पैसे हवेच होते, त्यात शंका नाही. पण ती मागत होती ते मानधन राधेचं होतं.

त्यातच नावांचा गुंता. आधारवर नवऱ्याचं आडनाव. शाळेत घातलं मामाने, म्हणून तिथे मामाचं आडनाव. फडात आडनाव नाहीच, नुसतं नाव आणि त्यापुढे गावाचं 'कर'. एका बाईची तीन नावं, आणि ती एकाच बाईची आहेत हे सांगणारा कागद एकही नाही. पोस्टरवर फडमालकाचं नाव ठसठशीत, खाली 'आणि पार्टी'. आकाशवाणीचा करारही पार्टीप्रमुखाच्या नावाने झालेला. पहिला फड केव्हाच मोडला होता, त्याचा मालकही हयात नव्हता. दुसऱ्या फडाचा मालक जिवंत होता आणि सव्वीस हंगामांचा दाखला देऊ शकणारा तो एकटाच माणूस होता. त्याचेच चाळीस हजार तिच्याकडे होते. तीन वर्षं ती त्याच्या गावावरून जाणाऱ्या एस.टी.त बसायचंही टाळत होती.

समोर कोणते मार्ग होते

मार्च २०२३ मध्ये आम्ही अक्काच्या घरी बसलो. अक्का, सून, मी आणि आमच्यातले एक निवृत्त तलाठी. मुलगा ड्रायव्हर, तो फेरीवर होता. त्याच्याशिवाय बसलो ही पहिली चूक, तिच्याबद्दल पुढे सांगते.

मध्यस्थाने नवीन प्रस्ताव पाठवलाच होता. आणखी आठ हजार द्या, या वेळी लोककलेच्या संस्थेचा दाखला आणतो. सुनेचा कल सुरुवातीला तिकडे होता. तिला दोष देता येणार नाही. घरात पैशांची निकड होती आणि तो माणूस छातीठोकपणे बोलत होता. पण खोट्या दाखल्यावर मंजूर झालेलं मानधन कुणाच्या एका तक्रारीने बंद होतं, आणि मग खऱ्या कलावतीवरही खोटेपणाचा शिक्का बसतो. हा मार्ग आम्ही सोडला. गेलेले तीन हजार परत मिळवायचा नादही सोडला.

तलाठी साहेबांचं म्हणणं थांबण्याचं होतं. आधारप्रमाणे १ जानेवारी २०२४ ला अक्काची पन्नाशी पूर्ण होत होती. वयाची दुरुस्ती करायला जावंच कशाला? दहा महिने पुरावे गोळा करू आणि मग अर्ज टाकू. मला ते पटलं नाही. चुकीच्या वयावर खरी फाईल उभी करायची नाही, असं मी म्हटलं. आवाज जरा चढवूनच म्हटलं.

तिसरा मार्ग अक्काने स्वतःच मांडला. फडात परत जायचं, नाचायला नाही तर झील धरायला आणि स्वयंपाकाला, आणि उचल फेडायची. "मालकाचं फिटलं की मी दाखला मागायला मोकळी." यात तिचा स्वाभिमान होता, पण गुडघे नव्हते. सुनेने हे ऐकूनच घेतलं नाही.

लावणीच्या कार्यशाळेत शिकवावं असंही कुणी सुचवलं. एका महाविद्यालयात ती एकदा गेलीही. मुलींना गवळणीतली चाल आणि नजर शिकवली, शाल आणि नारळ मिळाला. त्यावर घर चालत नाही, म्हणून तो विषय तिथेच संपला.

राहिला तो लांबचा मार्ग. वय दुरुस्त करायचं, तीन नावं एक करायची, गावोगावच्या यात्रा कमिट्यांकडून पुरावे जमवायचे आणि शेवटी मालकासमोर जाऊन उभं राहायचं. तोच ठरला.

काय केलं

शाळेपासून सुरुवात केली. वाळवा तालुक्यातल्या त्या जिल्हा परिषद शाळेचं जनरल रजिस्टर मुख्याध्यापकांनी स्वतः धूळ झटकून काढलं. १९७३ च्या नोंदीत अक्का सापडली : मामाचं आडनाव, जन्म १९६७, तिसरीतून शाळा सोडली, कारण 'परगावी गेल्याने'. त्या दाखल्यावरून आधारमधली जन्मतारीख दुरुस्त करायला चौदा महिने आणि किती फेऱ्या लागल्या ते लिहीत बसत नाही. ज्यांनी हे केलंय त्यांना ठाऊक आहे. तिन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं आणि त्यावर दोन साक्षीदार घेतले. त्यातले एक अक्काच्याच फडातले ढोलकीवाले. त्यांना मी इथे काका म्हणते.

यात्रा कमिट्यांच्या वह्यांची कल्पना काकांची. आम्ही पुरावा शोधत होतो तो फडाच्या बाजूने, आणि फडात कुणी कागद ठेवत नाही. काका म्हणाले, "पैसा गावानं दिलाय न्हवं? मग हिशेब गावाकडं आसंल." गावाची यात्रा वर्गणीवर चालते आणि वर्गणीचा हिशेब ग्रामसभेत नाही तरी पारावर द्यावाच लागतो. चाळीस वर्षं जुना ग्रंथालयाचा अनुभव गाठीशी असून मला हे सुचलं नव्हतं.

पावसाळा सरल्यावर आम्ही अकरा गावं केली. खानापूर, कवठेमहांकाळ, जत, सातारा जिल्ह्यातली माण आणि खटावकडची दोन. कुठे वह्या वाळवीने खाल्लेल्या, कुठे नव्या कमिटीने जुन्या रद्दीत घातलेल्या. पाच गावांत फडाचं नाव आणि सुपारीची रक्कम सापडली. त्यावरून फड तिथे नाचला हे सिद्ध होत होतं. अक्का त्यात होती हे मात्र नाही.

सहावी वही खानापूर तालुक्यातल्या एका गावात मिळाली. खजिनदार आता ऐंशीच्या पुढचे. त्यांनी देवळातल्या फडताळातून लाल फडक्यात बांधलेल्या वह्यांचा गठ्ठा आणला. फडक्याची गाठ एवढी जुनी की सुटेना, दाताने सोडवावी लागली. १९९१ सालची वही. मंडप, दिवाबत्ती, तमाशावाल्यांना लाकूडफाटा, शिधा, आणि पानाच्या तळाशी निळ्या शाईत एक ओळ : तमाशात राधेचे काम करणारी, मग अक्काचं फडातलं नाव गावाच्या 'कर'सकट, हिस गावातर्फे बक्षीस रु. ५१ व खण.

मी ती ओळ मोठ्याने वाचली. काकांनी डोक्यावरची टोपी काढली. अक्का वहीवर वाकली, आपल्या नावावरून बोट फिरवलं आणि खजिनदारांना विचारलं, "हिरवा खण व्हता. लिवलंय का त्यात?"

ते लिहिलेलं नव्हतं. पण एवढ्या वर्षांनी खणाचा रंग सांगणाऱ्या बाईला आणखी कुठला पुरावा मागायचा, असं मला वाटलं. सरकारला अर्थातच तसं वाटून चालत नाही. सध्याच्या कमिटीच्या अध्यक्षांनी वहीच्या पानाची छायाप्रत सही-शिक्क्यानिशी दिली. पुढे आणखी एका गावात २००४ चा एक फोटो मिळाला. गावातल्या फोटोग्राफरने यात्रेच्या अल्बमसाठी काढलेला, मागे फडाचा फलक, पुढे अक्का.

याच फेऱ्यांत माझ्या हातून दुसरी चूक झाली. खणाच्या त्या गावात एका तरुणाने अक्काचा आणि वहीचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, कौतुकानेच. तो फिरत फिरत तिच्या मुलाच्या सासुरवाडीला पोहोचला. सासरच्या काही लोकांना अक्का पूर्वी 'कार्यक्रमात गायची' एवढंच माहीत होतं. मुलगा रात्री माझ्या घरी आला. आवाज चढवला नाही त्याने. म्हणाला, "मी लहान असताना शाळेत पोरं मला काय म्हणायची हे तुम्हाला आईनं सांगितलं न्हाई. म्हणून तुम्ही एवढ्या उत्साहात आहात."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही दीड महिना काम थांबवलं. निर्णय घरातच व्हायला हवा होता आणि तो झाला सुनेमुळे. तिने नवऱ्याला एवढंच विचारलं की तुमची फी कुठल्या पैशांतून भरली. मुलगा स्वतः येऊन म्हणाला, "अर्ज करा. पण आईचा फोटो कुठं छापायचा न्हाई." ती अट आम्ही आजपर्यंत पाळली आहे आणि या लेखातही.

मग राहिले मालक. माझा बेत असा होता की फडात पूर्वी काम केलेल्या तीन कलावंतांची शपथपत्रं जोडायची आणि मालकांना वगळायचं. अक्काने नकार दिला. "त्यांच्या पंगतीत सव्वीस वर्सं जेवले. त्यांना चुकवून कागद न्हाई करायचा."

नोव्हेंबर २०२३ मध्ये आम्ही त्यांच्याकडे गेलो. अंगणात फडाच्या ट्रकचा नुसता हौदा उरला होता, त्यात शेळ्या बांधलेल्या. टाळेबंदीत त्यांनी ट्रक विकला होता, जमीन गहाण पडली होती, सावकाराचं व्याज चालू होतं. मालक कडवट बोलले. अशा उचली घेऊन तेवीस माणसं घरी बसली होती, असं म्हणाले. "इठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींनी बोलावून सन्मान केला, तरी आजारपणात पैका न्हवता. मग तुझंमाझं कोण बघणार, अक्का?" आधी निम्मे पैसे ठेवा, मग दाखल्याचं बोलू, ही त्यांची अट.

इथे मी मध्ये पडले. दाखला हा कामाचा आहे, उसनवारीचा नाही, असं सांगितलं. मालक माझ्याकडे न बघता अक्काशी बोलत राहिले. दोघांचं जवळजवळ दोन तास चाललं. मेलेल्या माणसांची चौकशी झाली, एका पावसात वाहून गेलेल्या कनातीची आठवण निघाली, एका हंगामात अक्काने तापात केलेल्या बारीचीही. शेवटी ठरलं ते असं : दाखला आज द्यायचा आणि मानधन सुरू झालं की अक्काने दरमहा पाचशे रुपये द्यायचे, व्याज नाही. दोन्ही गोष्टी कागदावर आल्या. मालकांनी दाखल्यात सव्वीस हंगाम लिहिले आणि खाली न सांगता एक वाक्य जोडलं, की हिच्या राधेवर आमच्या फडाला सुपाऱ्या मिळत.

निष्पत्ती

आमची फाईल तयार होत असतानाच योजना बदलली. मार्च २०२४ च्या निर्णयाने तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव मिळालं, अ-ब-क वर्ग गेले आणि सगळ्यांना सरसकट महिना ५,००० रुपये झाले. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ६०,००० ठरली. बेदाण्याच्या शेडवरची अक्काची मजुरी त्याच्या आत होती. अर्ज ऑनलाइन झाले, त्यामुळे सगळे कागद पुन्हा स्कॅन करावे लागले. आधारमधली दुरुस्ती मे महिन्यात पूर्ण झाली आणि जुलैत आम्ही अर्ज भरला. कलाप्रकाराच्या रकान्यात 'तमाशा' लिहिलं. सुनेने टाइप केलं आणि अक्काने स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, "हितं काय हाय?" सुनेने वाचून दाखवलं.

पडताळणीला अक्काला बोलावलं. तिथल्या एका कर्मचाऱ्याने वहीची छायाप्रत पाहून विचारलं, यात तुमचं आडनाव कुठे आहे? तलाठी साहेबांनी प्रतिज्ञापत्र, शाळेचा दाखला आणि मालकांचं पत्र एकापुढे एक ठेवलं. वीस मिनिटांत काम झालं. त्या वीस मिनिटांच्या तयारीला दीड वर्ष गेलं होतं.

२०२५ च्या सुरुवातीला मंजुरी आली आणि उन्हाळ्यात पहिला हप्ता खात्यावर जमा झाला. पाचशे रुपये मालकांना दरमहा जातात, सून फोनवरून पाठवते. गुडघ्यांचं अजून काही झालेलं नाही. शेडवर अक्का आता आठवड्यातून तीनच दिवस जाते. मुलाने अजून आईचं काम पाहिलेलं नाही, पाहण्यासारखं रेकॉर्डिंगही कुठे नाही. पण मंजुरीचं पत्र त्याने स्वतः लॅमिनेट करून आणलं.

पुन्हा करायचं तर

आधारच्या बाबतीत तलाठी साहेब बरोबर होते, हे मान्य करायला मला वेळ लागला. आम्ही दुरुस्तीत चौदा महिने घालवले, आणि न घालवता जानेवारी २०२४ मध्ये वयाची अट तशीही पुरी होणार होती. मी हिशेब न करता तत्त्वाचं बोलले. वय दुरुस्त झालं हे चांगलंच, दवाखान्यात आणि पुढच्या प्रत्येक अर्जात ते कामाला येईल. पण दोन्ही कामं वेगवेगळी चालवायला हवी होती. अर्ज जानेवारीतच टाकून दुरुस्ती मागाहून करता आली असती का, हे निदान कार्यालयात विचारायला तरी हवं होतं. आम्ही विचारलंच नाही.

मुलाला पहिल्याच बैठकीला बोलवायला हवं होतं, त्याची फेरी संपेपर्यंत थांबून. तमाशातल्या बाईच्या पोरांनी शाळेत, लग्नात, भाड्याचं घर शोधताना काय सोसलेलं असतं हे मला पुस्तकांतून ठाऊक होतं आणि तरी मी ते धरून चालले नाही. आता आम्ही कुठल्याही गावात गेलो की आधी सांगतो, फोटो काढू नका. आणि कलावंताच्या घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाशी स्वतंत्र बोलल्याशिवाय फाईल उघडत नाही.

मालकांच्या बाबतीत माझं मन अजून दोन्हीकडे आहे. कामाचा दाखला देण्यासाठी उसनवारीचा कागद करून घेणं मला पटत नाही, आजही नाही. दुसऱ्या कुणाच्या प्रकरणात मी याला ठाम विरोध करेन. पण अक्काला त्या घरातून ताठ मानेने बाहेर पडताना मी पाहिलं. शपथपत्रांच्या माझ्या वाटेने ती तशी बाहेर पडली नसती. परवा ती मालकांच्या नातवाच्या बारशाला जाऊन आली, त्याच एस.टी.ने.

आणि एक. अकरा गावं फिरलो तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर फक्त अक्काचं नाव होतं. त्याच वह्यांत सोंगाड्याचं, पेटीवाल्याचं, आणखी कुणाचं नाव होतं का, हे पाहिलंच नाही. माझ्यासारख्या ग्रंथपालाने तरी हे करायला नको होतं. आता सगळ्या वह्यांची पानं पुन्हा बघत आहोत. जे फड आजही फिरतात त्यांच्या मालकांना गाठून आम्ही एकच विनंती करतो : दसऱ्याला निघताना सगळ्या माणसांची, आधारवरच्या नावासकट, एक यादी करा, तारीख घाला आणि सही करा. यात्रा कमिटीच्या वहीत सुपारीच्या रकमेखाली त्यातली चार नावं तरी लिहून घ्या. दोन फडांनी गेल्या दसऱ्यापासून ते सुरू केलं आहे.

काकांची फाईल अजून अर्धी आहे. ढोलकीवर चौतीस हंगाम, अक्काच्या प्रत्येक बारीला साथ. त्यांचं नाव आतापर्यंत एकाही वहीत सापडलेलं नाही. २००४ च्या त्या फोटोत उजव्या कडेला ढोलकीचं तोंड दिसतं आणि तिच्यावर पडलेला एक हात. बाकी माणूस फोटोबाहेर गेला आहे. त्या हातात चांदीचं कडं आहे आणि तेच कडं आजही काकांच्या मनगटात आहे. मालकांनी त्यांना दाखला दिला आहे, पण एकट्या दाखल्यावर भागेल असं तलाठी साहेबांना वाटत नाही.

येत्या रविवारी आम्ही जत तालुक्यातल्या दोन गावांना जाणार आहोत. त्यातल्या एका गावाने काकांना एकदा फेटा बांधला होता, असं अक्का सांगते. साल तिला आठवत नाही, फेटा गुलाबी होता एवढं आठवतं. ती आमच्याबरोबर येते आहे.